नवशिक्यांच्या एडिटरने टेक्स्ट फाइल कशी उघडावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळकरी मुलांना पायथॉन शिकवण्यासाठी तुम्ही एक छोटा एडिटर लिहीत आहात. सध्या तो फक्त पायथॉनच्या फाइली उघडतो. आता मुलांना प्रोग्रॅममधून एखादी यादी वाचायची आहे, ती यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे, आणि ती त्यांना त्याच एडिटरमध्ये बघायची आहे. उघडू द्यावी, की 'यासाठी नोटपॅड वापरा' असे सांगून एडिटर आहे तसाच लहान ठेवावा?

उघडू द्या. मी इंदुरात २२ वर्षे सॉफ्टवेअर लिहिते आहे आणि त्यातली ९ वर्षे रविवारी सकाळी दहा-बारा मुलांना पायथॉन शिकवते. मूल पहिल्यांदा फाइल वाचते तो दिवस मोठा असतो, हे मी दर वर्षी पाहते. तोपर्यंत प्रोग्रॅममधले प्रत्येक अक्षर त्याने स्वतः टाइप केलेले असते. त्या दिवशी पहिल्यांदा घरातली, गल्लीतली एखादी खरी यादी त्याच्या प्रोग्रॅममध्ये येते. नेमक्या त्याच वेळी एडिटरने हात वर केले, तर मुलाला दोन खिडक्या, दोन फॉन्ट आणि दोन वेगळ्या 'सेव्ह' सांभाळाव्या लागतात. चूक कुठे आहे हे शोधताना त्याला दोन्हीकडे संशय घ्यावा लागतो. दहा वर्षांच्या मुलावर एवढे ओझे टाकू नये असे मला मनापासून वाटते.

मात्र उघडायची तर एक नियम पक्का करून मगच उघडा. फाइल उघडली, काहीही न बदलता सेव्ह केली, तर तिचा एकही बाइट बदलता कामा नये. (फाइल मुळात ० ते २५५ अशा अंकांची रांग असते; त्यातला एक अंक म्हणजे एक बाइट.) पुढे जे लिहिते आहे ते बहुतेक याच नियमातून निघते.

आधी एक अनुभव सांगते, कारण माझे बरेचसे मत त्यावरून बनले. गणपतीच्या आधी वर्गात आम्ही वर्गणीचा हिशेब करायला घेतला होता. प्रत्येक मुलाने आपल्या गल्लीतल्या पाच घरांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली: पहिले नाव, स्वल्पविराम, रक्कम. प्रोग्रॅम सगळ्यांचा एकच, फळ्यावरून उतरवलेला. एका मुलीच्या पडद्यावर नावांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल उमटला, पण बेरीज बरोबर आली. तिच्या शेजारच्या मुलाचा प्रोग्रॅम एकही नाव न छापता बंद पडला आणि खाली लांबलचक लाल मजकूर आला. दोघांच्या फाइली एडिटरमध्ये मात्र स्वच्छ मराठीत दिसत होत्या. तो मुलगा रडवेला झाला. 'मी तर तेच लिहिलंय ना ताई', असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि त्याचे खरेच होते.

कारण असे. अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. 'इ' म्हणजे २२४, १६४, १३५. 'इंदूर' या शब्दात अनुस्वार आणि दीर्घ ऊकार धरून ५ चिन्हे, म्हणून १५ बाइट. विंडोजवर पायथॉनला फाइलचे एन्कोडिंग सांगितले नाही, तर तो यंत्राच्या प्रादेशिक सेटिंगमधले कोष्टक उचलतो, आणि आपल्याकडे ते बहुधा पश्चिम युरोपीय भाषांचे, १२५२ क्रमांकाचे असते. त्या कोष्टकात एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून मराठीच्या एका चिन्हाची तीन परकी अक्षरे होतात. तोच तो चिखल. पण त्याच कोष्टकात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. यातला बाइट समोर आला की पायथॉन थांबतो. आता गंमत बघा: ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे, हलन्ताचा १४१, 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४ आणि 'झ'चा १५७. त्या मुलीच्या यादीत कमल, सीमा, आशा, अनिल आणि विजय होते. मुलाच्या यादीत सुमन होती. एका उकारावर त्याचा प्रोग्रॅम बंद पडला. जोडाक्षर असलेली विद्या किंवा एकनाथही तेच करणार.

तुमच्या एडिटरसाठी याचा अर्थ सरळ आहे. एडिटर ज्या एन्कोडिंगने फाइल दाखवतो, त्याच एन्कोडिंगने मुलाच्या प्रोग्रॅमने ती वाचली पाहिजे. 'चालवा' बटण दाबल्यावर तुम्ही पायथॉन सुरू करता, तेव्हा त्याला यूटीएफ-८ मोडमध्ये सुरू करा. ही सोय ३.७ आवृत्तीपासून आहे आणि एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना त्याला दिलेल्या सेटिंगने, चालू होते. ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचे असे ठरले आहे, पण शाळांमधल्या लॅपटॉपवर जुन्या आवृत्त्या बरीच वर्षे राहणार आहेत. शिवाय मुलांना फाइल उघडणाऱ्या 'ओपन' या आज्ञेमध्ये एन्कोडिंग लिहायला शिकवाच. त्यांचा प्रोग्रॅम उद्या दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर जाईल, आणि तिथे तुमचा एडिटर नसेल.

आता उघडण्याची रीत. फाइल आधी बाइट म्हणून वाचा, मजकूर म्हणून लगेच वाचू नका. पहिले दोन-तीन बाइट बघा. २३९, १८७, १९१ असतील तर ती सुरुवातीला ओळखखूण लावलेली यूटीएफ-८ आहे. २५५, २५४ किंवा उलट २५४, २५५ असतील तर यूटीएफ-१६ हे दुसरे एन्कोडिंग; नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्यांत 'युनिकोड' निवडले की अशीच फाइल तयार व्हायची, आणि घराघरांतल्या जुन्या पेनड्राइव्हवर अशा फाइली अजून सापडतात. खूण नसेल तर सगळी फाइल काटेकोरपणे यूटीएफ-८ म्हणून वाचून पाहा. पास झाली तर ती यूटीएफ-८ आहे असे निश्चिंत धरा. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२मध्ये ही रचना अशी केली की दुसऱ्या एन्कोडिंगमधला खराखुरा मजकूर चुकून तिच्या नियमांत बसणे फार दुर्मिळ आहे. त्यामुळे अक्षरांची वारंवारता मोजून अंदाज बांधणाऱ्या लायब्ररीची तुम्हाला गरज नाही. मी अशा लायब्ररी वापरून पाहिल्या आहेत. पाच ओळींच्या यादीवर त्या आत्मविश्वासाने चुकतात, आणि मुलांच्या फाइली पाच ओळींच्याच असतात.

पास झाली नाही तर? इथे बहुतेक एडिटर घाई करतात. न कळलेल्या बाइटांच्या जागी चौकटीतले प्रश्नचिन्ह घालतात, फाइल नेहमीसारखी उघडतात आणि 'सेव्ह' चालू ठेवतात. मूल एक स्वल्पविराम सुधारते, सेव्ह करते, आणि मूळ बाइट कायमचे जातात. फाइल उघडण्यात याहून मोठा अपराध मला माहीत नाही. न कळलेली फाइल दाखवायला हरकत नाही, पण फक्त वाचण्यापुरती. वर एक पट्टी ठेवा: 'या फाइलची काही अक्षरे ओळखता आली नाहीत. म्हणून ती बदलता येणार नाही. मूळ फाइल जशीच्या तशी आहे.' शेवटचे वाक्य गाळू नका. आपल्या हातून काही बिघडले का, या भीतीने मुले गप्प बसतात आणि विचारतच नाहीत.

एक प्रकार वर्गात सगळ्यात जास्त येतो. मुलाने यादी वर्डमध्ये लिहिलेली असते, कुणीतरी सांगितले 'टेक्स्ट फाइल लागते', म्हणून त्याने फाइलच्या नावाचे शेपूट तेवढे बदललेले असते. वर्डची आजची फाइल ही मुळात झिप असते आणि तिचे पहिले दोन बाइट ८० आणि ७५ असतात. एवढे बघितले की तुम्ही नेमके सांगू शकता: 'ही वर्डची फाइल दिसते. वर्डमध्ये उघडून साधा मजकूर म्हणून सेव्ह करा.' चित्रे, गाणी वगैरेंसाठी सुरुवातीच्या काही हजार बाइटांत शून्य हा बाइट आहे का ते बघा. गिट हे प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारे साधनही पहिल्या ८००० बाइटांत हेच बघते. पण ही तपासणी ओळखखुणेनंतर करा, कारण यूटीएफ-१६मधल्या साध्या मजकुरातही शून्ये असतात.

ओळखखुणेबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण इथे मोठी माणसेही चुकतात. बरेच प्रोग्रॅमर तिला कचरा समजतात आणि सेव्ह करताना काढून टाकतात. पण एक्सेलमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली, फाइल डबल-क्लिक करून उघडली, की ती खूण असेल तरच मराठी नीट दिसते. नसेल तर पुन्हा तोच चिखल. म्हणजे मुलाने बाबांची यादी तुमच्या एडिटरमध्ये उघडली, एक ओळ वाढवली, आणि संध्याकाळी बाबांच्या एक्सेलमध्ये सगळी नावे बिघडलेली. दोष कुणाच्या माथी येईल ते सांगायला नको. खूण होती तर ठेवा, नव्हती तर घालू नका. दुसऱ्या बाजूने, प्रोग्रॅमने अशी फाइल साध्या यूटीएफ-८ने वाचली तर ती खूण पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला अदृश्यपणे चिकटते. मग 'नाव' हा रकाना डोळ्यांसमोर दिसतो आणि प्रोग्रॅम म्हणतो असा रकानाच नाही. म्हणून खालच्या पट्टीवर लहान अक्षरांत 'यूटीएफ-८, खुणेसह' असे दिसू द्या. मुलाने वाचले नाही तरी चालेल. शिक्षक वाचतो आणि त्याचा अर्धा तास वाचतो.

मध्य प्रदेशात आपल्याला आणखी एक प्रकार भेटतो: कृतिदेव हा जुना देवनागरी फॉन्ट. इथल्या टायपिंगच्या वर्गांत एक अख्खी पिढी रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर तयार झाली, आणि वर्गात एखाद्या मुलाच्या आजोबांनी मंडळाची जुनी यादी दिली की ती हमखास कृतिदेवमधली निघते. कृतिदेवमध्ये 'कमल' हा शब्द डी, ई, वाय अशा तीन रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. देवनागरी फक्त फॉन्टमध्ये असते. टेक्स्ट फाइलमध्ये फॉन्ट साठवला जातच नाही, त्यामुळे तिथून उचलून आणलेला मजकूर रोमन अक्षरांचा गोळा दिसणार. तुमच्या तपासणीला ती फाइल निर्दोष वाटेल, आणि बाइटांच्या हिशेबाने ती निर्दोष आहेच. इथे एडिटरने शहाणपणा करू नये. आपोआप रूपांतर तर अजिबात नको. त्या नियमाने खरा इंग्रजी मजकूरही मराठीचा भास होऊन बदलेल. मदतीच्या पानावर दोन ओळी लिहा आणि रूपांतर हवेच असेल तर ते वेगळ्या आज्ञेने, वेगळ्या नव्या फाइलमध्ये करा. आजोबांची फाइल आजोबांचीच राहू द्या.

'साफसफाई'च्या मोहापासूनही लांब राहा. काही एडिटर अदृश्य चिन्हे काढून टाकण्याची सोय अभिमानाने देतात. मराठीत 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'दऱ्या'मधला तो अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. त्यातल्या एका प्रकारात र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. ते चिन्ह काढले की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. तसेच युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे. इंदुरात आमची अर्धी मुले हिंदीत टाइप करतात, आणि हिंदीतला 'ड़' एका चिन्हाने लिहिता येतो किंवा 'ड' आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनी. प्रमाणीकरण पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करते. पडद्यावर काहीही फरक दिसत नाही, पण प्रोग्रॅममधली तुलना आता जुळत नाही. एडिटरने शोधताना हवे तर दोन्ही रूपे एकच मानावीत, ते उपयोगी आहे. फाइलमध्ये मात्र जे आले तेच परत गेले पाहिजे.

ओळींच्या शेवटांचेही तसेच. विंडोजच्या फाइलीत १३ आणि १० असे दोन बाइट, लिनक्स आणि मॅकवर एकटा १०. पायथॉन मजकूर म्हणून वाचताना सगळे एकसारखे करून देतो, त्यामुळे मूळ काय होते ते तुम्ही आधीच नोंदवून ठेवले नाही तर सेव्ह करताना हरवते. आणि शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ नसेल तर ती आपल्या मनाने घालू नका.

आता दिसण्या-वागण्याकडे. टेक्स्ट फाइल उघडली की पायथॉनसाठी केलेली सगळी मदत थांबली पाहिजे: रंग, चुकांखालच्या लाल रेषा, आपोआप बंद होणारे कंस आणि अवतरणे, ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा छाटणे. सगळ्यात घातक म्हणजे टॅबच्या जागी चार रिकाम्या जागा घालणे. प्रोग्रॅममध्ये ते चांगलेच, पण टॅबने रकाने वेगळे केलेल्या यादीत ते यादीच मोडते, आणि डोळ्यांना ती पूर्वीसारखीच दिसते. आपोआप सेव्ह करण्याची सोय असेल तर ती प्रोग्रॅमच्या फाइलीपुरती ठेवा. स्वतःच्या प्रोग्रॅममधली चूक मूल पुन्हा लिहून काढेल. चुकून पुसलेली यादी त्याच्याकडे दुसरीकडे नसते. सेव्ह करताना नावाला पायथॉनचे शेपूट चिकटवू नका, हे वेगळे सांगायला नको होते, पण मी ते एकापेक्षा जास्त एडिटरमध्ये पाहिले आहे.

'चालवा' बटणाचे काय करावे यावर माझे मत ठाम आहे. समोर टेक्स्ट फाइल असताना ते फिके करा आणि त्यावर बोट नेले की 'ही मजकुराची फाइल आहे, प्रोग्रॅम नव्हे' असे दिसू द्या. शेजारच्या टॅबमधला प्रोग्रॅम परस्पर चालवणे सोयीचे वाटते, पण काय चालले हे मुलाला कळत नाही, आणि नवशिक्यासाठी नेमके तेच कळणे महत्त्वाचे असते. यादी चालवायला घेतली तर पायथॉन पहिल्या ओळीवरच चूक दाखवेल, आणि मूल यादीत चूक शोधत बसेल. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच फोल्डरमधून तो सुरू करा, म्हणजे शेजारी ठेवलेली 'यादी' त्याला सापडेल. फाइल उघडण्याच्या खिडकीत फक्त पायथॉनच्या फाइली दाखवण्याची चाळणीही काढा. यादी दिसली नाही की मुलाला ती हरवली असेच वाटते.

यापुढचा भाग थोडा अवघड आहे, पण टाळू नका. फाइल वाचून झाली की पुढच्याच धड्यात मूल फाइलमध्ये लिहायला शिकते. ती फाइल तुमच्या टॅबमध्ये उघडी असते. प्रोग्रॅमने तिच्यात दोन ओळी वाढवल्या, टॅबमध्ये जुनाच मजकूर, मुलाला वाटले काही लिहिलेच गेले नाही. आणि त्याने सवयीने सेव्ह केले तर त्या दोन ओळी खरोखरच गेल्या. म्हणून प्रोग्रॅम संपला की आणि खिडकी पुन्हा समोर आली की डिस्कवरची फाइल बदलली का ते तपासा. टॅबमध्ये मुलाने काही बदललेले नसेल तर न विचारता नवा मजकूर दाखवा. बदललेले असेल तर विचारा, आणि दोन्ही रूपे शेजारी-शेजारी दाखवून विचारा. 'होय' आणि 'नाही' एवढ्यावर मुलाला निवड करता येत नाही.

इथे एक बारकावा आहे. प्रोग्रॅम संपल्यावरही तुमचा एडिटर पायथॉनचे सत्र चालू ठेवत असेल, आणि मुलाने फाइल बंद केलेली नसेल, तर लिहिलेल्या ओळी अजून मेमरीतच असतात. डिस्कवर फाइल रिकामीच. काम संपले की फाइल आपोआप बंद करणारे पायथॉनचे 'विथ' वापरायला शिकवणे हा खरा उपाय, पण तोवर एडिटरने 'ही फाइल अजून बंद केलेली नाही' एवढे सांगितले तर शिक्षकाच्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

फॉन्टकडे आजच लक्ष द्या, शेवटी ठेवू नका. कोड लिहायच्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी नसते. मग दुसराच फॉन्ट आपोआप येतो, ओळीची उंची मात्र रोमनच्या मापाची राहते, आणि वेलांट्या व रफार वरून कापले जातात. विंडोजवर निर्मला, लिनक्सवर नोटो सॅन्स देवनागरी असा पर्याय स्वतः ठरवा आणि ओळीची उंची त्यांच्या मापाने घ्या. बॅकस्पेस एका वेळी एक चिन्ह काढतो, म्हणजे 'कि'मधली वेलांटी आधी जाते. तसेच राहू द्या, मराठी टाइप करणाऱ्यांना तीच सवय आहे.

हे सगळे टिकवायचे तर प्रोजेक्टमध्ये नमुना फाइलींचे एक फोल्डर करा: खुणेसह आणि खुणेविना यूटीएफ-८, यूटीएफ-१६, विंडोजचे आणि लिनक्सचे ओळशेवट, टॅबची यादी, अगदी रिकामी फाइल, शेवटी नवी ओळ नसलेली, 'दऱ्या' दोन्ही प्रकारे लिहिलेली, एक कृतिदेवची, एक नाव बदललेली वर्डची. चाचणीने प्रत्येक फाइल उघडावी, सेव्ह करावी आणि बाइट ताडून पाहावेत. ज्या उघडायच्या नाहीत त्यांना हात लागला नाही हे तपासावे. आणि एक फाइल 'सुमन' या एकाच शब्दाची ठेवा. ती 'चालवा' बटणातून सुरू केलेल्या प्रोग्रॅमकडून वाचून घ्या, एन्कोडिंग न सांगता, आणि विंडोजच्याच लॅपटॉपवर.